तपासणीला निघताना

आमच्या मांजरीला डायबेटिस असल्याचं कळलं तेव्हा मी कंबर कसली. तो आमच्या ह्यांनाही आहे, निवृत्त व्हायच्या आधीपासून. पण त्यांच्यासाठी घर बदलावं असं कधी मनात आलं नाही. हे गोळी घेतात आणि गोळीच्या भरवशावर जिलबी खातात. मांजर निदान सांगितलेलं ऐकते.

फ्रिजच्या दारातली लोणच्याची बरणी हलली, तिथे इन्शुलिनची बाटली बसली. वापरलेल्या सुयांसाठी घट्ट झाकणाची बरणी आली. कपाटावरचं तिचं अंथरूण खाली, आमच्या दिवाणाशेजारी आलं. तिला तहान फार लागायची, म्हणून जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि ह्यांनी त्या नेमाने लाथाडल्या. सगळ्यात शेवटी मी घरातली साखर हद्दपार केली. गूळ, मध, अगदी नैवेद्याची खडीसाखरसुद्धा शेजारी देऊन टाकली. देवाला शेंगदाणे चालतात.

"मांजर काय साखरेचा डबा उघडणार आहे?" ह्यांनी विचारलं.

"मांजर नाही उघडणार," मी म्हटलं. हे पेपरात तोंड खुपसून बसले.

एवढा खटाटोप करूनही दवाखान्यात तपासणीला नेलं की तिची साखर वाढलेलीच. डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी तिला रोज श्रीखंड भरवते. मला भयंकर राग यायचा. शेवटी त्यांनी इन्शुलिन वाढवलं.

वाढीव डोस सुरू झाला आणि एका दुपारी ती स्वयंपाकघरात चालता चालता झुलायला लागली. मग पाय फाकून खाली बसली आणि मान टाकली. मी हाका मारल्या, कानसुद्धा हलला नाही. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर एकदम उतरली आहे. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा आणि ताबडतोब घेऊन या."

साखरेचं पाणी! मी फडताळ उघडलं. एकावर एक स्वच्छ, पुसलेले, रिकामे डबे. इतकी शिस्तशीर घाबरगुंडी माझी कधी उडाली नव्हती. मी शेजारी धावणार, तेवढ्यात हे बाथरूममधून दाढीच्या सामानाचा डबा घेऊन आले. ब्रशच्या खाली एक पुडी. पुडीत साखर.

बोलायची ती वेळ नव्हती. ह्यांनी साखरेच्या पाण्यात बोट बुडवून तिच्या हिरड्यांवर फिरवलं. बऱ्याच वेळाने तिने ते बोट चाटलं आणि मला रडूच फुटलं.

दवाखान्यात ती सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तपासणीला आणताना हिला काही खायला देत होता का?"

"छे!" हे ठामपणे म्हणाले. "खायला काही नाही. निघताना फक्त दही-साखर."

"दही-साखर?"

"अहो, आमच्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, ऑपरेशनला कुणी त्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ही तर तपासणीलाच निघालेली. चांगलं बोटभर चाटायची."

बोटभर शकुनासाठी कुणी वाटीभर दही कालवत नाही. पण आमच्या फ्रिजमधलं दही तर भराभर संपत होतं.

"आणि उरलेलं?" मी विचारलं.

"दही काय टाकून द्यायचं?" ह्यांनी मलाच विचारलं.

ती पुडी आता फ्रिजच्या दारात असते, इन्शुलिनच्या शेजारी. तिच्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं आहे: 'फक्त मांजरीसाठी'.

पुढच्या आठवड्यात ह्यांची स्वतःची तपासणी होती. चपला घालून हे दारात उभे राहिले, हात पुढे केला. मी तळहातावर चमचाभर दही ठेवलं. ह्यांनी ते चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"साखर?"

"पुडीवर काय लिहिलंय ते वाचा."

हे जिना उतरले. मांजर माझ्या पायाशी येऊन बसली होती. ह्यांच्या तळहाताला लागलेलं दही तिला मिळालं नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे रागाने बघत होती. म्हटलं, बघ बाई. रागाने का होईना, जिवंत राहून बघते आहेस.