आंब्याच्या वावराचा हिरवा ठिपका

मी जात्याच भित्री. पायथन ही संगणकाची भाषा शिकत होते तेव्हा पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली की मी लॅपटॉपच मिटून टाकायची. त्या जानेवारीत मात्र एकही सूचना आली नाही, आणि तिथेच मी फसले.

संक्रांतीला घरी आले होते, शेगावजवळच्या आमच्या गावी. सोबत काम आणलं होतं. विद्यापीठातल्या आमच्या मॅडमनी विद्यार्थ्यांसाठी पूर्वी लिहिलेला नमुना-प्रोग्राम नव्या पायथनवर चालेनासा झाला होता, तो दुरुस्त करायचा होता. जिल्ह्यातल्या वावरांमधून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्यांचा वंशवृक्ष तो काढायचा. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक अळी, तिच्यापुढे वावराचं नाव आणि एक ठिपका. बीटी कपाशी खाऊन मरते तिला हिरवा, खाऊन जगते तिला लाल.

जुना प्रोग्राम हे ठिपके यादीतल्या क्रमाने लावायचा. मला ते गबाळं वाटलं. मी वावराच्या नावावरून लावले. झाड काय सुरेख आलं!

"हे आपलं आंब्याचं वावर काय?" बाबा मागे येऊन उभे होते. "हिरवं दिसून राह्यलं."

"हाव बाबा. आपल्याकडची अळी बीटीनं मरते," मी ऐटीत सांगितलं.

त्याच दिवशी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला बोलावलेला ट्रॅक्टर बाबांनी परत पाठवला. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन बीटी कपाशी उभी ठेवली, फरदडीचा जास्तीचा कापूस घ्यायला. बीटीला न जुमानणारी अळी अशा फरदडीत पोसली गेली, तर पुढच्या हंगामात सगळं शिवार खाते. बाबांचं बघून शेजारच्या दोघांनीही पाणी सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या प्रोग्रामने काढलेलं छापील चित्र शेजारी ठेवून मी लाल ठिपके मोजले. जुन्यात पाच, माझ्यात चार. लोणारकडच्या एका गावातही आंब्याचं वावर होतं. असणारच! आंब्याचं, विहिरीचं वावर कोणत्या गावात नसतं? त्याची नोंद यादीत आमच्यानंतर होती. माझ्या प्रोग्रामने एका नावाच्या दोन नोंदींतली शेवटची धरली आणि तिकडचा हिरवा ठिपका आमच्यापुढेही लावला. आमचा खरा ठिपका लाल होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

गप्प राहिलं तर कोणाला कळणार आहे, हेही मनात येऊन गेलं. पण पुढच्या वर्षी बोंडं किडली की ते दोघे शेजारी बाबांच्याच दारात येणार होते.

मग उठून वावरात गेले. बाबा पाण्याच्या मोटारीजवळ उभे होते.

"बाबा, मोटार बंद करा. माही चूक झाली. आपली अळी बीटीनं मरत नाही."

ते ओरडतील म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. त्यांनी मोटार बंद केली. जवळच्या झाडाचं एक हिरवं बोंड तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"मले कालपासून दिसून राह्यली," ते म्हणाले. "पण तू कम्प्युटरवर पाह्यलं होतं. म्हटलं, माहे डोयेच खोटे असतीन."