बराबर म्हणणारा मेंबर

सेनगावच्या शांतता समितीत तो माझ्या शेजारी बसायचा. सायकलच्या दुकानातून थेट यायचा, हातांना रॉकेलचा वास. फौजदार काहीही बोलले तरी तो मान डोलवून "बराबर" म्हणायचा. मला चीड यायची.

आणीबाणी उठली त्या साली, पोळ्याआधीच्या बैठकीत फौजदार म्हणाले, "गावात शांतता आहे."

"बराबर," म्हणत तो चहाचा कप घेऊन उठला. साखरा गावच्या एका मजुराला पोलिसांनी सकाळपासून ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. कप त्याच्या हातात देऊन हा शेजारीच फरशीवर बसला.

"आत या," फौजदार म्हणाले.

"याला काहून बसवलं ते समजलं की येतो, साहेब."

एकेक करत आम्ही सगळेच मेंबर बाहेर जाऊन बसलो. आत फौजदार एकटेच उरले. थोड्या वेळाने दारात येऊन ते मजुराला म्हणाले, "जा घरी."

रिकामा कप उचलत तो म्हणाला, "बराबर."