पाओ-चूची सायकल जागेवरच होती

सू-चेनचं न्याहारीचं दुकान युआनलिनच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेला लागून. पहाटे तवा चढायचा तो दुपारीच उतरायचा. अंड्याच्या पोळ्या, मुळ्याच्या वड्या, सोयाबीनचं गरम दूध. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून तिची कंबर धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. पन्नाशीला टेकलेल्या या बाईला पाणी म्हणजे भांडी घासायचं तेवढंच ठाऊक. तरी ती गेली. लाजत, भिंतीला धरून, गावच्या तलावाच्या उथळ टोकाला उतरली.

तिथे तिला पाओ-चू भेटली.

पाओ-चू टपालखात्यात होती, स्कूटरवरून पत्रं वाटायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा उत्तरेला ताओयुआनात नोकरीला. आवाज असा की तीन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं उठून बसावं. सू-चेनचं हातपाय मारणं थोडा वेळ बघून ती त्याच आवाजात म्हणाली, "अगं ए बाई, पोहतेयस की पाण्याशी भांडतेयस?"

सगळा तलाव हसला. सू-चेनला रडूच यायचं बाकी होतं, पण तीही हसली. तिथून दोघींचं जमलं ते जमलंच.

पोहण्यावरून गाडी सायकलवर आली, सायकलवरून पळण्यावर. आधी छोट्या शर्यती झाल्या, मग मध्यम. पाओ-चू पुढे आणि सू-चेन मागे, हे ठरलेलं. सू-चेनला मागे राहण्याचं दुःख नव्हतं. पुढे कोणीतरी ओळखीचं आहे, एवढ्यावर तिचे पाय चालायचे. मग एका वर्षी पाओ-चूने जाहीर केलं, आता पूर्ण लांबीची शर्यत. पावणेचार किलोमीटर पोहायचं, एकशेऐंशी सायकल, आणि वर बेचाळीस पळायचं. पूर्व किनाऱ्यावर शिनवान नावाचं गाव आहे, तिथे.

"अगं, वेड लागलंय का तुला?" सू-चेन म्हणाली.

"निवृत्त झाले की नातवंडांची ढुंगणंच धुवायची आहेत. त्याआधी एकदा."

घरी सू-चेनचा नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "ए म्हातारे, तू मेलीस तर दुकान कोण चालवणार?"

"तू."

"मला अंडं फोडता येत नाही."

"मग मरत नाही, झालं?"

दुकानाची भाजी आणायचा निळा टेम्पो होता. त्याच्या पाठीमागे दोन सायकली जुन्या गोधड्यांत गुंडाळून बांधल्या आणि दोघी निघाल्या. दोन्ही सायकलींच्या दांड्याला पाओ-चूने समुद्राच्या देवीच्या, माझू आईच्या देवळातून आणलेले लाल ताईत बांधले होते. दक्षिणेकडे सगळा रस्ता ती बेसूर गात होती. वाटेत फांगल्याओ गावी थांबून दोघींनी नूडल्स खाल्ल्या. डोंगर ओलांडून पलीकडचा समुद्र दिसला तसं तिचं गाणं थांबलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि आपल्याला पोहायचंय शिनवानच्या तळ्यात. बरं झालं बाई."

शिनवानात पानाय नावाच्या बाईच्या घरी त्यांची खोली होती. पानायने रात्रीच्या जेवणाला आल्याच्या रसात मासा केला. पाओ-चूने तो दोनदा मागून घेतला आणि गादीला पाठ टेकताच घोरायला लागली. सू-चेनला मात्र झोप लागेना. ती उठून पानायच्या चुलीपाशी गेली, दुसऱ्या दिवशीसाठी मुरवलेला मुळा घालून भाताचे मुटके वळले, चार स्वतःचे, चार पाओ-चूचे. हाताला काम मिळालं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

सकाळी तळ्याकाठी गुलाबी टोप्या घातलेल्या बायकांचा घोळका. पाओ-चूने सू-चेनच्या टोपीत तिचे केस कोंबून दिले.

"सायकलींपाशी भेटू. पण उशीर केलास तर थांबणार नाही हं मी."

"थांबू नकोस. कधी थांबली आहेस?"

भोंगा वाजला. पाओ-चू पाण्यात घुसली, दोन-तीन हातांतच गुलाबी टोप्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. सू-चेन आपल्या चालीने, श्वास मोजत पोहत राहिली. मध्ये कुठेतरी शिट्ट्या ऐकू आल्या, एक होडी झपकन बाजूने गेली. शर्यतीत असं होतच असतं. कोणाला पेटका येतो, कोणी घाबरतं. तिने मान खाली घातली आणि पुढचा तरंगता फुगा गाठला.

पाण्याबाहेर आली तेव्हा मनातून ती खुशीत होती. वाटलं त्यापेक्षा बरं जमलं होतं. पळत सायकलींच्या रांगांत शिरली, आणि थबकली.

पाओ-चूची सायकल जागेवरच होती.

सायकली टांगायच्या आडव्या दांड्याला बैठकीने लटकलेली, ताईत वाऱ्यावर हलतोय. खाली बूट, बुटांत गोळा करून ठेवलेले मोजे. सू-चेनला आधी वाटलं, आपणच पुढे आलो की काय. मग तिला कळलं की ते शक्य नाही. मग वाटलं, शौचाला गेली असेल. मोजे कोरडे होते.

बाजूला पिवळ्या अंगरख्यातली स्वयंसेविका उभी होती. "अहो, ही सायकल, छेन पाओ-चू, कुठे आहे ती?"

त्या बाईने नंबर वाचला, हातातल्या यंत्रात ओरडली, कान लावला. सगळीकडे भोंगे, ढोल, ओरडा. "हां, हां. मावशी, त्यांनी पोहणं मध्येच सोडलं. तंबूत बसल्यात. ठीक आहेत. तुम्ही निघा, निघा!"

तंबू तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला. सू-चेनने तिकडे बघितलं. पाओ-चू आणि मध्येच सोडणार? पण ठीक आहेत म्हणतायत. तंबूत बसून शिव्या घालत असेल सगळ्यांना, आणि आपण शर्यत सोडून समोर जाऊन उभ्या राहिलो तर आपल्यालाही घालेल. तिने हेल्मेट चढवलं आणि निघाली.

त्या स्वयंसेविकेचीही चूक म्हणता येत नाही. यंत्रात तिने एक आकडा ऐकला, तो दुसऱ्याच बाईचा होता.

रस्ता समुद्राला धरून उत्तरेकडे जायचा, पंचेचाळीस किलोमीटरवर वळायचं आणि परत, असं दोनदा. जाताना वारा पाठीशी होता. सू-चेन कधी नव्हे एवढी वेगात चालली होती, आणि तरी तिच्या जिवाला चैन नव्हतं. समोर ओळखीची पाठ नव्हती. प्रत्येक पाणपोईवर केळी देणाऱ्या बायकांना ती विचारायची, काही कळलं का, आणि त्या म्हणायच्या, "काय ताई? पाणी की केळं?"

वळणाजवळ पंचांची मोटारसायकल तिच्या बरोबरीने आली. पुढे चालवणारा, मागे पांढऱ्या मिशांचे पंच. त्यांनी तिला बाजूला थांबायला सांगितलं. तिला वाटलं, काहीतरी नियम मोडला.

"तुम्ही लियाव सू-चेन? छेन पाओ-चू तुमच्या कोण?"

"मैत्रीण. काय झालं?"

"त्यांना हॉस्पिटलात नेलंय. पाण्यातून काढलं. अर्जात, अडचणीला फोन कोणाला करायचा, तिथे त्यांनी तुमचं नाव दिलंय. केव्हापासून लावतोय, कोणी उचलत नाही."

उचलणार कोण? फोन सू-चेनच्या पिशवीत, पिशवी तळ्याकाठी. मुलाचा नंबरही त्याच फोनात. तिला तोंडपाठ एकच नंबर, नवऱ्याचा. तो पंचांनी लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, मागून तव्याचा आवाज येत होता.

"अरे, पाओ-चूच्या मुलाला फोन कर. त्याला सांग, ताबडतोब ये."

"काय? ऐकू येत नाही. अंडी संपली का म्हणतेस?"

"पाओ-चूचा मुलगा!" ती किंचाळली. पलीकडे तव्याचा आवाज एकदम थांबला.

"करतो," तो म्हणाला. दुसरं काही विचारलं नाही.

तिने पंचांकडे बघितलं. "जिवंत आहे ना?"

"नेलं तेव्हा उपचार चालू होते. मला एवढंच माहीत आहे."

"मला घेऊन चला."

पंचांनी मोटारसायकलकडे बघितलं. तिच्यावर आधीच दोघं. "हा माझ्याकडचा टप्पा सोडता येत नाही हो, आणि रस्ता गाड्यांना बंद आहे. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस सगळ्यांच्या शेवटी येते, इथे पोचायला दुपार उलटेल." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "ताई, खरं सांगू? तुमचे पाय चालत असतील तर तेच सगळ्यांत लवकर."

म्हणजे शर्यतीचाच रस्ता. दुसरा नव्हताच.

ती वळली, आणि मघाचा पाठीवरचा वारा तोंडावर आला. जीव खाऊन पाय मारावेत तर सायकल जागच्या जागी. समुद्रावरून उडालेली वाळू दातांत. चढ आला की रडू यायचं, रडू आलं की दम सुटायचा, म्हणून तिने रडणंही दाबलं. वाटेतल्या गावांत म्हाताऱ्या बाया घमेली बडवत उभ्या होत्या. "जोर लावा! जोर लावा! अहो मावशी, हसा की जरा!" एकीने तिच्या पाठीवर थंड पाणी ओतलं आणि टाळ्या वाजवल्या. आपण कुठे चाललोय हे त्यांना कसं सांगणार? तिने मान हलवली, त्यांना वाटलं, आभार मानतेय.

तिने माझू आईला साकडं घातलं. दुकान बंद ठेवून अनवाणी चालत येईन. मग वाटलं, हे फार थोडं झालं. मग आणखी काय देणार, हेच तिला सुचेना. खिशातला मुटका काढून तोंडात घातला आणि थुंकून टाकला. पाय मात्र चालत होते. आयुष्यात एवढी निरुपयोगी ताकद आपल्या अंगात कधी नव्हती, असं तिला वाटलं.

ती गावात शिरली तेव्हा माइकवरचा माणूस ओरडला, "लियाव सू-चेन, युआनलिन! पहिली फेरी पूर्ण! शाब्बास!" तिने सायकल पहिल्या दिसलेल्या माणसाच्या अंगावर लोटली आणि विचारलं, हॉस्पिटल कुठे. भजी तळणाऱ्या एका बाईने तिला स्कूटरवर घातलं.

सायकलचे बूट फरशीवर टकटक वाजवत ती हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीपाशी गेली.

"नातं?"

"मैत्रीण."

"घरचं कोणी?"

"मुलगा येतोय. ताओयुआनहून."

"मग ते येईपर्यंत बसा."

दाराआड पाओ-चू होती आणि दाराबाहेर ती. अंगावरचा घाम वाळून पांढरा झालेला. एका नर्सने खांद्यावर चादर टाकली. शेजारच्या खुर्चीत एक दांडगा माणूस ओल्या चड्डीत बसला होता. तळ्यावरचा जीवरक्षक. त्यानेच पाओ-चूला फळीवर ओढून घेतलं होतं, किनाऱ्यापर्यंत छाती दाबत आणलं होतं. दुसरी पाळी सोडून तो तिथे बसून होता.

"हातसुद्धा वर केला नाही हो त्यांनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "छान पोहत होत्या. नुसत्या थांबल्या. काहीतरी आठवल्यावर माणूस थांबतो ना, तशा."

सू-चेनने त्याच्या हातावर हात ठेवला.

मुलगा संध्याकाळी आला. आईला बघून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "मावशी, ती काही म्हणाली होती का? छातीत दुखतंय, दम लागतोय, काही?"

सू-चेनने सगळा प्रवास मनात फिरून पाहिला. "नाही रे बाळा. गात होती. मासा दोनदा मागून घेतला."

काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं, दोघांनाही.

दुसऱ्या दिवशी नवरा आगगाडीने आला. त्याने दोन्ही सायकली गोधड्यांत बांधल्या, टेम्पो चालवला. बाजारातल्या लोकांनी विचारलं तेव्हा तोच उत्तरं द्यायचा. सू-चेन तव्यापाशी उभी राहायची.

पाओ-चू वाचली. हृदय पुन्हा सुरू झालं होतं, पण मेंदूला मधल्या वेळात प्राणवायू मिळाला नव्हता. शुद्धीवर यायला कितीतरी दिवस लागले, बोलायला त्याहून जास्त. मुलगा तिला आपल्या घरी घेऊन गेला. सू-चेनला जमेल तेव्हा, दुकानाच्या सुट्टीला, ती गाडीने ताओयुआनला जायची, डब्यात मुळ्याच्या वड्या घेऊन. पाओ-चूला सगळं आठवायचं. टपालाच्या गल्ल्या, त्यांतली कुत्री, तलाव. फक्त ती सफर नाही. टेम्पो नाही, समुद्र नाही, पानाय नाही.

"आपण शर्यतीला कधी जायचं?" ती विचारायची. शब्द एकेक करून यायचे, आणि तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

पहिल्यांदा सू-चेनने खरं सांगितलं. पाओ-चू आपल्या हातांकडे बघत बसली, मग थरथरायला लागली, रात्रभर झोपली नाही म्हणे. सुनेने फोनवर विनवलं, मावशी, पुन्हा नका सांगू. पुढच्या वेळी सू-चेन म्हणाली, पुढच्या महिन्यात जाऊ. तर पाओ-चू बूट मागायला लागली, कपाटं उघडायला लागली, पोहायला म्हणून न्हाणीघरात जाऊन पडली. कपाळाला टाके पडले. तेव्हापासून सू-चेनला कळेना, काय बोलावं. खरंही चालत नव्हतं आणि खोटंही.

परवा ती गेली तेव्हा दोघी गच्चीत बसल्या होत्या. खाली शाळेतली मुलं ओरडत होती. सू-चेनने वडी मोडून तिच्या तोंडाशी धरली.

"सू-चेन, शर्यत," पाओ-चू म्हणाली. "कधी?"

स्वयंपाकघरात सुनेने नळ बंद केला.

"आधी खाऊन घे," सू-चेन म्हणाली. "मग बघू."

पाओ-चूने तिच्याकडे निरखून पाहिलं. कपाळावर आठी आली, गेली. "तुझं... नेहमीचंच," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.