सेव्ह करू का, असं विचारणारी चौकट

आमच्या गेवराईच्या कचेरीत नवीन कागद कुणी कोऱ्यापासून लिहीतच नाही. जुना उघडायचा, त्यातलं नाव-गाव बदलायचं, प्रिंट मारायची. बंद करताना मशीन विचारतं, सेव्ह करू का? नको म्हणायचं. जुनं जागच्या जागी राहतं, नवं कागदावर येतं. ऑपरेटर म्हणून बारा वर्षं मी हेच केलं, माझ्या आधीच्यानंही हेच केलं आणि मला शिकवलंही त्यानंच.

जबानीसाठी आमची आवडती फाइल एकच होती, उमापूरकडच्या एका सुईणीची. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली एक बाई वाटेतच, शिवारात बाळंत झालेली. पोरीची जन्मनोंद कुठंच नव्हती. उशिरा नोंद करायची तर बाळंतपण बघितलेल्या, घराबाहेरच्या माणसाची जबानी लागते, असं साहेबांनी सांगितलं. म्हणून त्या बाईनं सुईणीला हाताला धरून आणलं. म्हातारी लई नीट बोलली. विहीर कुणाची, मेंढरं कुठं बसवली होती, पोर आधी रडलीच नाही आणि मग कशी रडली, सगळं. ती बोलत गेली तसं मी टाइप करत गेलो. इतकी चांगली जबानी मी परत लिहिली नाही, म्हणून पुढं कुणाच्याही जन्माची जबानी आली की आम्ही तीच फाइल उघडायचो.

मागच्या वर्षी एका सकाळी मशीन चालू केलं तर सगळंच बदललेलं. आता साऱ्या तालुक्यांच्या मशीनवरचं ऑफिसचं सॉफ्टवेअर जिल्ह्याला बसलेला एकच माणूस चालवणार होता. फॉन्ट तो ठरवणार, समास तो ठरवणार, फाइल कुठं ठेवायची तेही तोच. आणि लिहिलेलं आपोआप सेव्ह होणार. ते बंद करायची टिक दिसायची, पण करडी पडलेली, कितीही दाबा, हलायची नाही. अरे, मशीन माझ्या टेबलावर, बोटं माझी, आणि टिक त्याच्या ताब्यात! दोन दिवस चडफडलो आणि गप बसलो. फाइल बंद करताना आता ती चौकट येईना, तेव्हा तर बरंच वाटलं, एक क्लिक वाचली म्हणून. आग लागो माझ्या अकलेला. पुढच्या वेळी फाइल उघडली तेव्हा तिच्यात दुसऱ्याचंच नाव होतं, पण तेही माझ्या ध्यानात आलं नाही. नाव तर मी बदलणारच होतो.

या उन्हाळ्यात ती मेंढरांमागची बाई परत आली, सोबत पोरगी. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. शाळेच्या दाखल्यावरची तारीख मास्तरांनी अंदाजानं टाकलेली, ती तिकडं चालेना, जन्माचा दाखला सोमवारपर्यंत हवा. नोंदीचं काम तेव्हा अर्धवट सोडून तिच्या घरचे मेंढरांमागं गेले होते. बाईजवळची प्रत पालात भिजून गेली होती. आमच्याकडची, म्हातारीच्या अंगठ्याची प्रत जिल्ह्याला पाठवलेल्या गठ्ठ्यात कुठं गेली, ते देव जाणे. साहेब भला माणूस. म्हणाले, मशीनमधली प्रत काढ, खरी नक्कल म्हणून मी सही करतो.

मी फाइल उघडली. आत गेवराईतल्या एका माणसाचा जन्म होता, राहत्या घरी, शेजारणीसमक्ष. विहीर नाही, मेंढरं नाहीत, रडणं नाही.

जिल्ह्याच्या माणसाला फोन लावला. त्यानं शांतपणे सांगितलं की जुन्या आवृत्त्या तीस दिवसच राहतात, तसं सेटिंग आहे. वाढवता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. आणि मग विचारलं, जुन्या कागदावर नवं लिहिताच कशाला तुम्ही? कोरा नमुना वेगळा ठेवता येत नाही? मला राग त्याचा यायला हवा होता, आला माझाच.

पोरीला समजलं होतं. ती खिडकीकडं बघत उभी राहिली. बाईला मी सांगितलं की कागद पुसला गेलाय आणि तो माझ्याच हातून गेलाय. सुईणीला परत आणता का, म्हणून विचारलं. म्हातारी थंडीतच वारली होती. मग मी साहेबांना म्हणालो, मला आठवतंय, परत टाइप करू का? साहेबांनी चष्मा काढला आणि मेलेल्या बाईची जबानी मी आज कशी घेऊ, एवढंच म्हणाले. ते बरोबरच होतं. मला भांडायला तिथं कुणी चुकीचा माणूसच नव्हता.

बाई पुढं सरकली. टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मला म्हणाली, ‘‘दादा, मग माझी जबानी घ्या की. मी होते की तिथं.’’

माझी बोटं कीबोर्डवर होती. घरच्यांची जबानी चालत नाही, हे मी तिला सांगितलं.

‘‘मी घरची न्हाई,’’ ती म्हणाली, ‘‘मी आई हाय.’’

पोरीनं तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं.