आप्पांचा खडा

फाल्गुनात सांगलीच्या पेठेवरून वारा वाहू लागला, की हळदीचा उग्र, उबदार गंध दवाखान्याच्या खिडकीतूनही आत येतो. त्या पिवळ्या दरवळात बसून यंदा मी थोरल्या भावाच्या पित्ताशयाची चिंता वाहिली. पित्तही पिवळेच, पण पोटातल्या त्या इवल्याशा पिशवीची आठवण आपण दुखण्याआधी कधी काढतो का?

हा भाऊ म्हणजे आमचे आप्पा, कोरेगावचे, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. पित्ताशयात खडा आहे हे ठाऊक असूनही, "ऊस कारखान्याला गेल्याबिगर न्हाई," म्हणत त्यांनी शस्त्रक्रिया लांबवली. ऊस गेला आणि हुडहुडी भरून ताप आला. सलाइनमधल्या औषधाने तो उतरताच स्वारी पिशवी भरून घरी निघाली. "बरा हाय की आता मी." डॉक्टरीणबाईंनी त्यांना शांतपणे खाली बसवले. वरून धड दिसणाऱ्या हरभऱ्यात भुंगा असावा, तसे जंतू खड्याच्या आत दडून बसतात; औषध तिथवर पोचत नाही, म्हणून खड्यासकट पित्ताशय काढले तरच सुटका, असे त्यांनी समजावले. आप्पांनी मान डोलावली, पण खडा बाटलीत घालून मिळायला हवा, या अटीवर.

आमच्याकडची रीतच ती. पाहुणे आजाऱ्याला भेटायला येतात आणि खडा बघून जातात. कुणाचा तुरीएवढा, कुणाचा जांभळाएवढा. ज्याचा मोठा, त्याचा रुबाब मोठा. भावकीतल्या एकाची बाटली तर काचेच्या कपाटात अजून विराजमान आहे.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, पण डॉक्टरीणबाईंनी खडाच मागितला. तो फोडून आतले जंतू तपासायचे होते. आप्पा बिथरले. "आवं, मग लोकास्नी दावू काय मी?" आयुष्यभर त्यांच्यापुढे आवाज न चढवणाऱ्या वहिनी पुढे झाल्या. "देऊन टाका. न्हाईतर मीच देते." आणि खडा गेला.

पुढे ताप पुन्हा चढला. आप्पा हातचे जातात की काय, अशी धास्ती मला वाटली. वहिनींच्या चेहऱ्याकडे तर पाहवेना. तेवढ्यात तपासणीचा निकाल आला. चालू औषधाला दाद न देणारे जंतू खड्याच्या गाभ्यात सापडले होते; खडा निघण्याआधीच त्यातले काही रक्तात उतरले होते, आणि त्यांच्यावर कोणते औषध चालेल हेही कळले होते. औषध बदलले. दुसऱ्या सकाळी आप्पांनी चहा मागितला, तोही आले ठेचून. मला हसू आणि रडू एकदमच आले. मनुष्याच्या आनंदाला असे कितीसे लागते?

कोरेगावला परतलो, तर ओसरी माणसांनी भरलेली. "सुभेदार, खडा दावा की," कुणीतरी म्हणाले. आता आप्पा हिरमुसणार, असे वाटून मी विषय बदलू पाहत होते. पण आप्पा भिंतीचा आधार घेत उठले, सदरा नीट केला आणि ताठ उभे राहिले.

"खडा न्हाई रं गड्या. मी हाय. मला बघा."

मग वहिनींसकट आम्ही सगळ्यांनी त्यांना डोळे भरून पाहिले.