वर्गातली मागची खुर्ची

सुलभाबाई गेल्याचं मला त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं, तेही सगळं उरकल्यावर चार दिवसांनी. "मावशीच्या डायरीत तुमचा नंबर होता," तो म्हणाला. नंबर होता, पण त्यांचा फोन कधी आला नाही आणि मीही केला नाही. एकाच शहरात त्या पंचवटीत, मी सिडकोत. रिक्षाने अर्ध्या तासाची वाट... जाऊ, जाऊ म्हणत वर्षं गेली.

नव्वदच्या दशकात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. बाई मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या हाताखालचा, स्वतःला फार हुशार समजणारा. आल्या आल्या बाईंनी नवीन टूम काढली. आठवड्यातून एकदा एकमेकांचा तास बघायचा. आपल्या मुलांना वाचन देऊन त्या माझ्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. मला वाटायचं, माझ्या चुका टिपतायत. एकदा न राहवून मी ती वही जवळजवळ ओढूनच घेतली. आत माझ्याबद्दल अक्षर नव्हतं. तासभरात जी मुलं एकदाही बोलली नाहीत, त्यांची फक्त नावं होती. पंचवीस मुलांच्या वर्गात तेवीस नावं. "शिकवता छान हो तुम्ही," बाई हसून म्हणाल्या, "पण पोरांना तोंड उघडायला फुरसत कुठे देता?"

माझं डोकंच फिरलं. तपासणीला साहेब आले तेव्हा मी हळूच त्यांचे कान भरले, की बाई स्वतःचा वर्ग वाऱ्यावर सोडून माझ्या वर्गात येऊन बसतात. साहेबांनी त्यांना मुलांदेखत झापलं. त्या वर्षी बाईंची बदली झाली. कान कुणी भरले हे त्यांना कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. निघताना म्हणाल्या, "सर, खुर्ची राहू द्या मागे. एखादा तास जमून आला की बोलवा मला. नुसती बघायला येईन."

तास जमला तो त्यांची बदली झाल्यावर. बाईंच्या त्या वहीत पानापानावर पहिलं नाव सुमनचं होतं. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर निफाडला द्राक्षबागेच्या कामाला जायची आणि परतली की आणखीच गप्प व्हायची. एके दिवशी पुस्तक मिटून मी तिला विचारलं, बागेत ओळी किती, एका ओळीत वेली किती? "लय हायेत सर. पण मोजल्यात मी," ती म्हणाली आणि बोलतच सुटली. बाकीची पोरं तिच्याशी हुज्जत घालायला लागली, गणित त्यांचं त्यांनीच सोडवलं. मी खडू धरून नुसता उभा. सवयीने मागे पाहिलं... खुर्ची रिकामी होती.

तेव्हाच बाईंना बोलवायला हवं होतं. पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर आधी केलेलं कबूल करावं लागणार होतं, आणि तेवढी माझी छाती झाली नाही. पुढे माझ्याही बदल्या झाल्या. प्रत्येक शाळेत मी मागे खुर्ची ठेवली, बरोबरच्या शिक्षकांना बसायचा आग्रह केला. "कशाला सर," म्हणून ते हसायचे. माझा तास बघायला पुन्हा कुणीही आलं नाही. फार एकटं वाटतं.

भाच्याच्या फोननंतर, गेल्या सोमवारी मुलं घरी गेल्यावर मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो. बाईंसारखी एक वही उघडली आणि आज कोण बोललं नाही, ते आठवू लागलो. मुलं तर सगळी बोलली होती. मग मी एकच नाव लिहिलं, माझं.