सुकवंताबाईच्या दारातल्या चपला

सुकवंताबाईच्या राजूचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "सिस्टरबाई, माय गेली," एवढंच तो म्हणाला. खरं सांगते, रडू मला नंतर आलं. आधी आली ती भीती. आता हिला माती द्यायची कुठं, हा पहिला विचार. इतक्या वर्षांची मैत्रीण गेल्याचं कळतं आणि माणसाला आधी जागेची काळजी लागते, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण त्या सकाळी देवरीवरून चिचगडकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही जे सातआठ जण बसलो होतो, ते सगळे तीच काळजी मांडीवर घेऊन बसलो होतो. खिडकीबाहेर बघत होतो.

सुकवंताबाई कुंभरे. चिचगडच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावात तिचं घर. गावाचं नाव मी लिहिणार नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. तिचं नाव तरी लिहू का, असं राजूला विचारलं तर हा म्हणतो, "लिवा ना. माय कोनाले भेत होती?" मुलाला तसं वाटतं ते बरंच आहे, पण ती भीत होती. मी तर जन्माचीच भित्री. रिक्षावाल्यानं नेहमीचा रस्ता सोडला तरी मी मधेच उतरून पायी निघते. आमच्यात फरक एवढाच, की मी भ्याले की गप्प बसते आणि ती भ्याली की बोलायला लागायची.

आमची ओळख झाली ती एका सरकारी दवाखान्यात. मी तिथं नर्स होते आणि तिचा नवरा माझ्या वॉर्डात होता. दुखणं हाताबाहेर गेलेलं होतं. सलाईन लावताना मी ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत असे, सवयच ती, कारण शीर सापडेल की नाही याची मला इतक्या वर्षांनंतरही धास्ती वाटायची. एके दिवशी उशाशी बसलेल्या या काळ्यासावळ्या, उंच बाईनं मला सरळ विचारलं, "कोनाशी बोलून राहिल्या तुमी?" मी दचकले. कुणी तक्रार केली तर नोकरी जाईल, लोक म्हणतील नर्स पेशंटला बाटवते. मी काही नाही, काही नाही म्हणत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. नवरा गेल्यावर काही महिन्यांनी गोंदियाला माझा पत्ता शोधत आली आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं. तेव्हा मी उत्तर दिलं. दार लावून, खिडकी लावून दिलं.

पुढं ती विश्वासात आली, बाप्तिस्मा झाला, आणि तिच्या घरी रविवारी प्रार्थना व्हायला लागली. आजूबाजूच्या वाड्यांमधली काही माणसं येत, गोंदियाहून आम्ही दोघंतिघं महिन्यातून एकदा जात असू. लोक म्हणाले, बाई तांदळाच्या कट्ट्यासाठी ख्रिस्ती झाली. ती हसायची. "माज्या घरी ढोलीभर धान होतं. मीच त्याईले खाऊ घालतो, आन् हे म्हनते मले तांदूळ भेटला!" पण हसण्याचा हा विषय नव्हता. तिचे मोठे दीर सोमाजी, घरच्या देवांचं सगळं त्यांच्याकडे, त्यांनी त्या दिवसापासून तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. समोरासमोर दोन घरं, मधे एकच अंगण, आणि अंगणात दोघांच्या कोंबड्या एकत्र चरायच्या. माणसांचं मात्र बोलणं बंद.

तिच्याकडची प्रार्थना संपली की कोरा चहा व्हायचा, आणि चहाबरोबर ती काहीतरी असं विचारायची की घोट घशात अडकावा. शहरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशी बोलणी होत नाहीत. आम्ही एकमेकांना 'जय मसीह की' म्हणतो, केक वाटतो, आजारपणात धावून जातो, पण कोण कुठून आलं हे विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं म्हणून विचारत नाही. तर एकदा बशीत फुंकर घालत ती म्हणाली, "सिस्टरबाई, तुमी ख्रिस्ती व्हायच्या पयले कोन होते?" माझ्या आजोबांनी धर्म घेतला. आमच्या घरात त्याआधीचा इतिहासच नाही, जणू आम्ही मिशनच्या कंपाउंडातच उगवलो. पन्नाशी उलटलेली मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती जात तोंडानं उच्चारली. तिनं नुसती मान हलवली. "मंग लपवता कायले? मी त गोंडीन आहो. पयलेबी होतो, आताबी आहो. येशूनं मले असं नाई म्हनलं का तू दुसरी कोनी हो."

मी म्हटलं, बाई, तुम्हाला सोपं आहे. तर ती एकदम गंभीर झाली. "सोपं नाई. गाव म्हनते तू आता गोंड नाई. तुमचे शहरातले लोकं चांगलं बोलतेत, पर पोरगी देतेत का आमच्या पोराले? मले रोज भेव वाटते, सिस्टरबाई. मी दोनीकडची आहो का एकाहीकडची नाई, हे मले मेल्यावरच समजन." मी चहा संपवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले. बसला बराच अवकाश होता.

चपलांचं प्रकरण त्यानंतरचं. एका रविवारी आत भजन चालू होतं. बाहेर मोटरसायकली थांबल्याचा आवाज आला, थोडं हसणं ऐकू आलं, आणि गाड्या निघून गेल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. संध्याकाळी राजूच्या फोनवर फोटो आला. त्यात एकाही माणसाचा चेहरा नव्हता. तिच्या दाराबाहेरच्या आमच्या चपला होत्या फक्त, सगळ्या, आणि खाली लिहिलेलं, की एवढे लोक या घरात कशासाठी जमतात? तो फोटो तालुकाभर फिरला. माझ्या तपकिरी सँडलचा एक पट्टा तुटून मी पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता. तो दोरा फोटोत स्पष्ट दिसत होता. कितीतरी दिवस मी त्या सँडल घालून बाजारात गेले नाही. कुणी पायांकडे पाहिलं तरी मी पाय मागं घेत असे.

तेव्हापासून सुकवंताबाईनं एक बोरी ठेवली. धानाचं रिकामं पोतं. आलं की चपला त्या बोरीत टाकायच्या आणि बोरी आत, कणगीच्या मागं. दारात काहीच नाही, जणू घरात कुणी नाही. भजन दबक्या आवाजात, टाळ्या नाहीत, ढोलक तर केव्हाच बंद झालेली. गंमत म्हणजे ती स्वतःच्या चपलाही बोरीत टाकायची. अहो, हे तुमचंच घर, तुमच्या बाहेर असल्या तर काय बिघडतं, असं मी म्हटलं की म्हणायची, "तुमच्या आत आन् माज्या बाहेर, असं कसं जमन?" जाताना बोरी उलटी करून जो तो आपापला जोड शोधायचा आणि त्या गडबडीत थोडं हसूही व्हायचं. हळूहळू ती रीतच झाली. नवीन आलेल्या माणसाला भजनाआधी बोरी दाखवली जायची.

एकदा आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले एक पुढारी, माझ्याबरोबर तिकडं आले होते. चांगला माणूस, मोठी प्रार्थना करतो. चहाच्या वेळी तिनं त्यांना गाठलं. "मी मेलो त तुमच्या गोंदियाच्या कब्रस्तानात मले जागा देसाल का?"

"अहो ताई, आपण सगळे प्रभूमध्ये एकच आहोत," ते म्हणाले.

"ते मले मालूम आहे. मी जागेचं इचारून राहिलो."

ते हसले, घड्याळाकडं बघितलं. मला मात्र तिचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम होता. एवढी धीट बाई, पण बशीतला चहा तिनं तसाच खाली ठेवला. तिला मरणाची भीती नव्हती, तिला भीती होती ती मेल्यावर अंगणात पडून राहण्याची. गावात जाळत नाहीत, माती देतात, पण गाव म्हणणार ही आमची नाही. शहर म्हणणार, ही आमची आहेच, पण... त्या 'पण'ला ती घाबरायची, आणि आता मीही.

तर त्या दिवशी आम्ही पोचलो. रस्त्यापलीकडं मोहाच्या झाडाखाली गावची माणसं बसली होती. कुणी आमच्याकडं बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. आम्ही खाली मान घालून आत शिरलो. दाराशी सून रडत उभी होती. आणि एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं तिनं बोरीचं तोंड उघडून धरलेलं होतं. आम्ही एकेकानं चपला आत टाकल्या. आमच्याआधी वाड्यांवरून आलेल्यांनीही टाकल्या होत्या. मयताच्या घरी आपण हे काय करतोय, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. पायांना सवय झाली होती.

ती निजली होती, नवीन लुगडं नेसवलेलं. मी तिच्या पायाशी बसले आणि गोंदियाला आमच्या चर्चच्या पाळकांना फोन लावला. "ताई, मन से बहुत दुख हुआ," ते म्हणाले, "पण कमिटी बसवावी लागेल. जागा कमी आहे, पुरानी फॅमिलीवाले लोग पूछेंगे. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबा." दुपारचं ऊन चढत होतं. शेतात माती द्यावी म्हटलं तर शेत अजून सोमाजींबरोबर सामायिक. राजू झाडाखाली जाऊन आला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "मोठेबाबा ठरवतीन म्हनते." मोठेबाबा म्हणजे सोमाजी. लांब कुठंतरी मोटरसायकलचा आवाज झाला आणि घरातल्या सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. भजन कुणीच म्हणत नव्हतं. मला आठवतं, मी प्रार्थनासुद्धा करत नव्हते, नुसती मोजत होते की मागच्या दारानं किती जणांना निघता येईल.

मग अंगणात पावलं वाजली. सोमाजी उंबऱ्याशी येऊन थांबले. बाहेरच्या उजेडातून त्यांना आतलं काही दिसत नसावं. त्यांनी खाली जमिनीकडं पाहिलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "एकबी चप्पल नाई," ते मोठ्यानं म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "ज्याईच्यासाठी हिनं घरचे देव सोडले, ते मरनालेबी आले नाई का? असी एकटी टाकली हिले?"

"मोठेबाबा, सगळे आहेत," राजू आतून म्हणाला.

इतक्या वर्षांनी त्यांनी तो उंबरा ओलांडला. डोळे अंधाराला सरावले तसे आम्ही त्यांना दिसलो, भिंतीला भिंतीला चिकटून बसलेली, श्वास धरून बसलेली माणसं. "चपला कोठी आहेत तुमच्या?" सुनेनं कणगीमागं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं बोरी ओढून काढली, खांद्याला लावली, अंगणात नेली आणि भर उन्हात उलटी केली. तो फोटो माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. "मयताच्या घरी चोरावानी बसता?" ते आमच्यावर ओरडले. मग झाडाकडं वळले. "पाहून घ्या रे! हिच्यासाठी एवढे मानसं आले. आता माती द्याले आपन कमी पडाचं का? माज्या मायजवळ ठेवू हिले." झाडाखालून कुणीतरी म्हणालं, अन् त्याईचं गानं? सोमाजी आमच्याकडं वळले. "मनात म्हना," आम्हाला म्हणाले.

आम्ही मनात म्हटलं. शेवटी सोमाजी गोंडांच्या रीतीनं 'जय सेवा' म्हणाले, आमच्यातली एक हळूच 'आमेन' म्हणाली, आणि कुणी तिला अडवलं नाही. तिच्या मातीवर दगड ठेवला आहे. क्रूस ठेवायचा का, हे विचारायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही, माझी तर नाहीच. पाळकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला, की कमिटी विचार करते आहे.

माती देऊन परतल्यावर सगळ्यांनी ढिगातून आपापले जोड उचलले आणि अंगणात एकच जोड उरला. निळ्या पट्ट्यांचा, टाचेला झिजलेला. मागच्या रविवारी तिनंच तो बोरीत टाकला असणार. सून तो उचलायला वाकली तर सोमाजी म्हणाले, "राहू दे. दारात ठेव."

परवा मी पुन्हा गेले होते. दाराशी आले आणि सवयीनं चपला काढून हातात घेतल्या, बोरी शोधू लागले. सून म्हणाली, "बोरीत धान भरलं, सिस्टरबाई." समोरच्या पडवीत सोमाजी बसले होते. ते आत येत नाहीत, येतील असंही मला वाटत नाही. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला तो निळा जोड तसाच होता, धूळ बसलेला. मी हातातल्या चपला त्याच्या शेजारी ठेवल्या. पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या, त्याच. प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं. मधे एक मोटरसायकल आली, दारासमोर हळू झाली, आणि आमचं भजन अर्ध्यावर अडखळलं... गाडी गेली की थांबली, ते नीट कळलं नाही. पण कुणीतरी पुढची ओळ धरली आणि मीही धरली. डोळे मिटले होते, आणि दिसत होता तो दारातला तिचा जोड आणि त्याला लागून माझा.